तूट

चाळीस वर्षं सराफ्यात बसलो
कसोटीच्या दगडापुढे, पाठीत वाकून.
दिवसा सोनं. रात्री त्याच ओट्यांवर
भुट्ट्याचा कीस आणि गराडूवाले यायचे,
आम्ही काटा झाकून घरी.
धातू म्हणजे काय, हे मला कुणी शिकवू नये.

तरी माझ्याच खुब्यात बसलेल्या धातूला
एकदाही विचारलं नाही,
तुझा कस काय, तुझ्यावर ठसा कुणाचा.
भूल दिलेला माणूस काय विचारणार.

तिसऱ्या वर्षी जिना चढताना आवाज यायला लागला,
नव्या कोल्हापुरीसारखा.
नातू हसायचा, आजोबा वाजतात.
मग कळ, मग रक्तात धातू,
रिपोर्टात आकडा आणि आकड्याला ठळक शाई.
डॉक्टर म्हणाले, काढावा लागेल.
म्हणाले, हे मॉडेल कंपनीनं परत बोलावलंय.
परत बोलावलंय!
जणू मी ते फडताळात ठेवलं होतं.

वकील ऋचा चौकसेंनी आधीच बजावलं होतं,
"विसपुतेजी, फेंकने मत देना. वही तो गवाह है."
म्हणून मागून घेतला.
हॉस्पिटलनं पाकिटात घालून दिला, वर लाखेचं सील.

रात्री राहवलं नाही.
सील फोडलं. काटा काढला.
गोळा अजून चकचकीत, फक्त एका अंगाला मंद,
नखानं कळते तेवढी झीज.
इथून काहीतरी गेलंय.
कुठे गेलंय ते ठाऊक आहे, पण किती?
मुळात भरत किती होता, ते कंपनीच्या वहीत.
दुकानात आम्ही रोज घट काढायचो,
केरातली धूळसुद्धा गाळून.
ही धूळ गाळायची कुठून.

चौकसे बाई खूप वेळ बोलल्याच नाहीत.
मग म्हणाल्या, आता ते म्हणणार,
सोनाराच्या घरी कानस असते.

तरी त्यांनी अर्ज लिहिला.
बनवणारा, विकणारा, बसवणारा,
तिघांची नावं एकाखाली एक.
मुदत दोन वर्षांची, पण कधीपासून?
कंपनी म्हणते, बसवल्या दिवसापासून.
बाई म्हणतात, कळलं त्या दिवसापासून.
मी मोजतो ते जिन्यापासून.
कंपनीचे कागद इंग्रजीत, अर्ज हिंदीत,
त्यात मी "परिवादी, उम्र ६८ वर्ष".
कण्हतो मात्र मराठीतच, आईला हाक मारून.

"स्टिकर है? लॉट नंबर वाला?"
फाईल हॉस्पिटलात सापडत नव्हती.
सापडला तो निर्मलाच्या दळणाच्या वहीत,
गहू पाच किलो, ज्वारी दोन, त्याखाली चिकटवलेला.
चांगला कागद टाकवला नाही म्हणाली.

त्या रात्री झोप आली नाही.
देवासची एक बाई आठवली, पावसाळ्यातली,
बांगडी काळी पडली म्हणून परत आलेली.
शेठनं विचारलं, पावती आहे?
नव्हती.
कसोटीवर मी ती बांगडी आधीच ओढली होती,
रेघ फिकट उमटली होती, मला दिसली होती.
शेठनं माझ्याकडे पाहिलं.
मी दगड पुसला.

आता कंपनीचं पत्र आलंय,
ऑपरेशनचा खर्च देऊ,
खाली सही करा, पूर्ण आणि अंतिम,
यापुढे काही मागणं नाही.
निर्मला म्हणते, घ्या, किती दिवस काठीनं तारखा करणार.
चौकसे बाई म्हणतात, मर्ज़ी आपकी,
पण लढायचं तर आकडा सांगा,
दुखण्याचे किती लावू?

आयुष्यभर मी भाव सांगितला, घडणावळीसकट,
एका दमात.
पत्र पोथीखाली ठेवलंय. तारीख सोळाला.

त्या बाईचं नाव आठवत नाही.
बांगडी अकरा ग्रॅम दोनशे होती.